सतरा नंबरचा बाप

अकराशे ग्रॅम.
मी पिंजारी, वजन हाताला कळतं,
एका उशीला याहून जास्त कापूस लागतो.

पांढरकवड्याचा सरकारी दवाखाना.
वरच्या मजल्यावर काचेची खोली,
आत निळ्या उजेडाखाली पोर, बिननावाची.
सिस्टर जिन्यातून ओरडायची,
"सतरा नंबरचा बाप कोन आहे रे?"
आणि हातातला चहा तसाच ठेवून
मी पायऱ्या गिळत वर जायचो.

बाराचा बाप मडावी, झरीकडचा,
दिवसाला तीन शब्द बोलणारा.
चौदाचा झाडे, त्याचे शब्द संपत नसत.
नऊला बाप नव्हता, मामा होता, बारावीतला,
रात्रभर आवाज बंद करून मॅच बघणारा.
व्हरांड्यात चार्जिंगचं बटण एकच.
त्याला पाळ्या लावलेल्या,
त्या कधी कुणी मोडल्या नाहीत.

माझ्याकडे एक पिशवी होती.
अब्बांची टीसी, आजोबांच्या नावचा फेरफार,
सगळं लॅमिनेट केलेलं.
दोन-तीन वर्षं झाली, कुठेही जातो तर घेऊनच जातो,
लग्नाला गेलो तरी.
एकोणीस दिवस ती कुणी मागितली नाही.
लाइट गेली की झाडे तिच्यातून
माझे आजोबा बाहेर काढायचा
आणि त्यांनी वारा घ्यायचा.

जैबुनला पहिले चार दिवस दूध नव्हतं.
झाडेच्या बायकोने वाटीत काढून दिलं,
हळूच विचारलं, "चालते नं तुमच्यात?"
जैबुन म्हणाली, चालतं, पण मग
तुमचा पोरगा हिचा भाऊ झाला,
आमच्यात लग्न लागत नाही अशांचं.
खाली व्हरांड्यात ही बातमी आली
तशी झाडेने मांडीवर थाप मारली,
"घ्या! म्हंजे इवाई व्हाचा चानसच गेला बापा!"
मडावीसुद्धा हसला.
या गोष्टीवर हसता येतं
हे मला माहीत नव्हतं.
गावात नसतो हसलो.

पंधरा ऑगस्ट तिथेच उजाडला.
शाळेपासूनची माझी एक सवय आहे,
राष्ट्रगीताला ओठ जरा जास्त हलवायचे,
आवाज शेजारच्यापेक्षा बोटभर वर,
आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं
कोण बघतंय.
आवारात झेंड्याची दोरी अडकली,
शिपाई चपला काढून ओट्यावर चढला.
मडावीच्या हातात थर्मास.
माझ्या मुठीत रक्ताची नळी, तपासायला न्यायची,
अजून कोमट.
राष्ट्रगीत अर्ध्यावर आलं तेव्हा ध्यानात आलं,
माझे ओठ मिटलेलेच आहेत.
कुणी बघितलं नाही.
आम्ही चौघं मान वर करून उभे,
झेंडा होता त्याच्याही वर,
तिसऱ्या खिडकीकडे.

बारा नंबर त्याच रात्री गेला.
पहाटे टॉवेलातलं गाठोडं घेऊन
मडावी जीपमध्ये बसला.
आम्ही तिघं फाटकापर्यंत गेलो,
झाडे एक शब्द बोलला नाही.
सकाळी सिस्टरने सवयीने हाक मारली,
"बाराचा..."
आणि रजिस्टरमध्ये बघत राहिली.
चार्जर बटणालाच होता.

आता पोर अडीच किलोची. नाव राहत.
चौदाच्या बापाचा फोन येतो मधूनमधून,
बहीण कशी आहे विचारतो.
मडावीचा नंबर आमच्यापैकी कुणीच घेतला नव्हता.
त्याच्या चार्जरची पिन माझ्या मोबाईलला बसत नाही,
तरी खुंटीला टांगलेला आहे.

परवा तहसीलमध्ये रांगेत होतो, पिशवी घेऊन.
खिडकीतला मान खाली घालूनच म्हणाला, "नाव?"
तोंडून निघून गेलं, "सतरा."
त्याने वर पाहिलं.
मग मी नाव सांगितलं.
त्याने पुन्हा पाहिलं,
जरा जास्त वेळ.